तोंड उघडतो, पण आमिष घेत नाही

प्रश्न : आमच्या गावच्या मामा तलावावर मी सुटीच्या दिवशी गळ टाकून बसतो. दोन दिवस आभाळ भरून राहिलं, की पहाटे मासे झुंडीने वर येऊन तोंडाची उघडझाप करताना दिसतात. अगदी तोंडासमोर कणकेची गोळी सोडली तरी शिवत नाहीत. इतकी भूक असून असं का?
— एक वाचक, साकोली (जि. भंडारा)

उत्तर : भूक नाही हो, त्यांना धाप लागलीय.

तलावातला बराचसा ऑक्सिजन शेवाळ आणि पाणवनस्पती दिवसा उन्हाच्या जोरावर तयार करतात. रात्री मात्र त्याच तो वापरू लागतात. मासे आहेतच, शिवाय तळाच्या गाळात कुजणारा पालापाचोळाही आपला वाटा घेतो. त्यामुळे साठा सगळ्यात कमी असतो तो पहाटे. आदल्या दिवशी ऊनच नसेल तर जमा थोडी आणि खर्च तेवढाच. त्यात पाणी कोमट. २० अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. हवेला लागून असलेल्या पातळ थरात त्यातल्या त्यात बरा ऑक्सिजन असतो. तेच पाणी मासे ओढून कल्ल्यांवरून फिरवतात.

कोणता मासा वर आलाय ते नीट बघा. कटल्याचं तोंड वर वळलेलं. तो एरवीही वरच्या थरात चरतो, तेव्हा तो दिसला म्हणून लगेच काही बिघडलं असं नाही. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला, गाळ चिवडायला सोयीचं. तो तोंड वर करून हवेशी झोंबू लागला, की तळाशी श्वास घेण्याजोगं पाणी उरलेलं नाही असं खुशाल समजा. अशा वेळी मासा खाणं टाळतो, कारण खाल्लेलं पचवायलाही जादा ऑक्सिजन लागतो.

मात्र त्याच पहाटे शेजारच्या काठीला मरळ लागली तर नशिबाला बोल लावू नका. मरळ थेट हवेतून श्वास घेते. तिला वर येऊच दिलं नाही तर ती पाण्यात असूनही गुदमरते. एक घोट हवा घेतली की ती खाली जाते आणि शिकारीला मोकळी. फक्त पावसाळ्यात तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसला तर तिथे गळ टाकू नका. राखण करणारी मरळ आसपासच असते, ती गेली की पिलांचा फडशा पडतो.

रोहू-कटल्यासाठी ऊन चांगलं वर येईपर्यंत थांबा. तोवर कणीक फेकत राहू नका. न खाल्लेली गोळी कुजतानाही ऑक्सिजन खाते.

आणि गळ गुंडाळून आधी तलाव ठेक्याने घेतलेल्या मच्छीमार संस्थेच्या माणसांना कळवा. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यामुळे संस्था बोटुकली विकत आणून सोडते. वेळेवर समजलं तर ताजं पाणी सोडता येतं, पंपाने तलावाचंच पाणी उडवून हवा मिसळता येते. गळ टाकायला त्यांची परवानगी घेतली नसेल, तर तीही त्याच खेपेत विचारून घ्या.