जुन्या कॉम्प्रेसरची टाकी गळते, पैसे परत मिळतील का?

प्रश्न : माझे पंक्चरचे छोटे दुकान आहे. धाकटा भाऊ मदतीला असतो, दुसरा कामगार नाही. तीन आठवड्यांपूर्वी नागपुरात जुनी यंत्रे विकणाऱ्या व्यापाऱ्याकडून २२ हजारांना एअर कॉम्प्रेसर घेतला. कशासाठी हवा आहे, तेही त्याला सांगितले होते. आठवड्यातच टाकी तळाकडून गळू लागली. रंग खरवडला तर खाली एम-सील भरलेले निघाले. व्यापारी म्हणतो, ‘जुना माल परत घेत नाही.’ बिलही देत नाही. पैसे यूपीआयने दिले आहेत. वेल्डिंग करून घेऊ का?
– एक वाचक, पुलगाव (जि. वर्धा)

उत्तर : वेल्डिंग अजिबात करू नका. कॉम्प्रेसर आजच बंद करा, टाकीतली हवा पूर्ण सोडा. हवेतली वाफ टाकीत थंड होऊन तळाशी पाणी साचते. ड्रेन कॉक उघडून ते नेमाने काढले नाही, तर पत्रा आतून गंजतो. बाहेर एकच छिद्र दिसत असले तरी आसपासचा पत्राही पातळ झालेला असू शकतो. अशा पत्र्यावर टाका घातला तर शेजारून फाटण्याची भीती असते, आणि दाबाखालची टाकी फुटली तर जवळच्या माणसाचा जीव जाऊ शकतो. २२ हजारांपेक्षा तुम्ही दोघे भाऊ मोलाचे आहात. शिवाय ही टाकी जशी आहे तशीच तुमचा पुरावा आहे.

आता पैशांचे. धंद्यासाठी यंत्र घेतले म्हणजे ग्राहक कायदा लागू नाही, असे तुम्हाला सांगितले जाईल. ते तुमच्या बाबतीत खरे नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रातल्या लघुउद्योगाच्या खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न तपासला. तो उद्योग हरला, कारण त्याचे महागडे यंत्र व्यापारी हेतूने घेतलेले ठरले. पण त्याच निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की केवळ पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला यंत्र घेणारा ग्राहकच असतो. एकदोघांची मदत घेतल्याने त्यात फरक पडत नाही. २०१९ च्या कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत आहे.

सदोष माल परत न घेणे आणि पैसे न देणे ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरतात. तुमचे तीन आठवडे झालेत, म्हणून याच आठवड्यात लेखी मागणी पाठवा, स्पीड पोस्टाने आणि व्हॉट्सअॅपवरही. बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच. ‘तुम्ही पाहून घेतले’ हा बचाव उघड दिसणाऱ्या दोषापुरता चालतो. गंज रंगाखाली झाकलेला असेल तर ती लपवाछपवी आहे. यंत्र जुने असल्याने थोडीफार झीज तुम्ही गृहीत धरायला हवी, हे खरे. पण हवा न धरणारी टाकी झिजेत मोडत नाही.

खरवडलेल्या जागेचे फोटो, यूपीआयची नोंद, झालेले संदेश जपून ठेवा. उत्तर आले नाही तर वर्धा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात ती करता येते, नागपूरला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षे. दोष तपासण्यासाठी आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. हेच यंत्र दुकान बंद करणाऱ्या एखाद्या गॅरेजवाल्याकडून घेतले असते, तर तो व्यापारी ठरणे कठीण होते आणि दिवाणी न्यायालयात जावे लागले असते.

नोटीस पाठवण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करून तक्रार नोंदवा.