मोती गाडीत बसायला शिकला : भीती घालवण्याचा एक धडा



आजचा लेख आमच्या घरच्या कुत्र्यावर आहे. शाळेच्या पानावर कुत्रा कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण गेल्या वर्षी या मोतीने मला बालमानसशास्त्राचा एक धडा शिकवला. तो मी डी.एड.ला असताना पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता, पण समजला मात्र आत्ता. ज्यांच्या घरी गाडीला घाबरणारा कुत्रा आहे त्यांना यातून थेट उपयोग होईल. आणि ज्यांच्या वर्गात घाबरणारं मूल आहे, त्यांनाही.

चूक कुठे झाली?

आम्ही मालवणजवळच्या गावात राहतो. मोती साधा गावठी कुत्रा, अंगणात वाढलेला. गेल्या जुलैत त्याच्या कानामागे जखम झाली. आपल्याकडे पावसाळ्यात जखमेवर माशी बसायला वेळ लागत नाही. दोन दिवसांत किडे दिसले. डॉक्टरांकडे न्यायलाच हवं होतं.

मोती त्याआधी एकदाच गाडीत बसला होता, तोही पिल्लू असताना, इंजेक्शनसाठी. त्याने गाडीचं दार उघडलेलं पाहिलं आणि पाय रोवले. मग काय, आम्ही तिघांनी धरून, ओढून, उचलून त्याला मागच्या सीटवर कोंबलं. वाटेत त्याने लाळ गाळली, दोनदा ओकला, आणि दवाखान्याच्या दारात थरथरत उभा राहिला. मलमपट्टी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं होतं. गाडीची चावी वाजली मात्र, मोती काजूच्या बागेत पळाला तो संध्याकाळपर्यंत आला नाही. जखम उघडीच राहिली. शेवटी डॉक्टर घरी आले म्हणून निभावलं.

त्या पहिल्या दिवशी शेजारचा एक मुलगा कुंपणाशी उभा होता. माझ्याच वर्गातला, चौथीतला, अगदी अबोल. आम्ही ओढाताण करत असताना तो हळूच म्हणाला, “बाई, तेका ओढू नको. तो भियाता.” मी त्याला गप्प केलं. त्या वाक्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

आधी कारण शोधा

कुत्रा गाडीला का घाबरतो? कारणं साधारण चार असतात.

१. गाडी लागणे. आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणारा भाग असतो. शरीर हलतंय असं कान सांगतो आणि समोरची सीट स्थिर आहे असं डोळे सांगतात. या गोंधळातून मळमळ होते. माणसाचं आणि कुत्र्याचं यात सारखंच. पिल्लांना हा त्रास जास्त होतो, बऱ्याच पिल्लांचा वय वाढेल तसा कमी होतो.

२. वाईट आठवण. गाडी म्हणजे इंजेक्शन, एवढंच त्याने शिकलेलं असतं.

३. आवाज, वास, हादरे. इंजिनाची घरघर, डिझेलचा वास, आपल्या रस्त्यांवरचे खड्डे.

४. दुखणं. कानाचा आजार किंवा म्हाताऱ्या कुत्र्याची सांधेदुखी. चढतानाच दुखत असेल तर तो चढेल कसा?

म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्याने करा. गाडी लागण्यावर कुत्र्यांसाठी वेगळं औषध मिळतं. घरातली माणसांची गोळी अंदाजाने देऊ नका. आपली काही साधी औषधंसुद्धा कुत्र्यांना विषारी ठरतात.

पावलोव्ह आणि पीटर

आपण सगळ्यांनी इवान पावलोव्ह अभ्यासलेला आहे. पचनक्रियेवरच्या कामासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. अन्नाआधी ठरावीक आवाज पुन्हा पुन्हा ऐकवला, की नंतर नुसत्या आवाजाने कुत्र्याला लाळ सुटते. हेच ते अभिजात अभिसंधान. मोतीच्या बाबतीत आवाज होता चावीचा, आणि त्यामागून येत होती ओढाताण.

सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला. पावलोव्ह यांच्या प्रयोगशाळेतले कुत्रे पिंजऱ्यांत अडकले, कर्मचाऱ्यांनी त्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढलं. जीव वाचले, पण काही कुत्रे शिकलेलं विसरून गेले. त्यातल्या एकाच्या खोलीत नंतर दाराखालून थोडंसं पाणी सोडलं, तेवढ्यानेही तो पुन्हा बिथरला. मोठ्या भीतीची खूण किती खोल राहते, बघा.

त्याच १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या मुलावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पीटर जेमतेम तीन वर्षांचा, सशाला घाबरायचा. पांढरा कापूस पाहूनही घाबरायचा. सशाला न घाबरणाऱ्या मुलांबरोबर त्याला खेळू दिलं, तेव्हा प्रगती होऊ लागली. पण मध्येच तो आजारी पडला. बरा होऊन दवाखान्यातून निघताना टॅक्सीत बसत असतानाच एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि सगळी भीती परतली.

जोन्स बाईंनी मग नवी पद्धत घेतली. पीटर आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा. पीटर शांतपणे खात राहील एवढ्याच अंतरावर. मग थोडं जवळ. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

यातली मेख कुठे आहे? अंतर मुलाने ठरवलं. ससा किती जवळ आणायचा हे पीटरच्या खाण्यावरून ठरत होतं, मोठ्यांच्या घाईवरून नव्हे.

मोतीच्या पायऱ्या

गणपती झाले, पाऊस ओसरला आणि आम्ही सुरुवात केली. खाऊ होता उकडलेल्या बांगड्याचा तुकडा, मीठ न घालता आणि काटे नीट काढून. रोज दोनदा, तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही.

पहिली पायरी : गाडी अंगणात उभी, इंजिन बंद, चारही दारं उघडी. दोन्ही बाजूंची दारं उघडी असली की कुत्र्याला कोंडल्यासारखं वाटत नाही. गाडीपासून दहा पावलांवर खाऊ. रोज एखादं पाऊल जवळ.

दुसरी पायरी : खाऊ दाराच्या उंबऱ्यावर. तोंड आत, पाय बाहेर. चालेल.

तिसरी पायरी : आत त्याचीच जुनी गोधडी अंथरली. तिला त्याचा वास होता. खाऊ गोधडीवर. चढायचं त्याने, उचलायचं नाही.

चौथी पायरी : आत खात असताना एक दार लावायचं, लगेच उघडायचं. मग दोन दारं. मग मिनिटभर.

पाचवी पायरी : इंजिन सुरू, गाडी जागेवरच.

सहावी पायरी : फाटकापर्यंत जाऊन परत.

सातवी पायरी : छोटा प्रवास, पण शेवट आनंदाचा. आम्ही त्याला सकाळी चिवला किनाऱ्यावर नेलं. वाळूत धावला, खेकड्यांची बिळं उकरली, घरी आला. असं आठ-दहा वेळा झाल्यावर गाडीचा अर्थ बदलायला लागला.

आठवी पायरी : दवाखाना, पण नुसती भेट. दारात खाऊ खायचा आणि परत यायचं. इंजेक्शन नाही.

एका पायरीवर किती दिवस? याचं उत्तर कुत्रा देतो. आवडता खाऊ समोर असून तो खात नाही, याचा अर्थ पायरी मोठी झाली. एक पायरी मागे या. ओठ चाटणं, भूक-झोप नसताना जांभया देणं, लाळ, धाप, पायांत घेतलेली शेपूट, डोळ्यांची पांढरी कड दिसणं, या सगळ्या “आता पुरे” म्हणण्याच्या त्याच्या पद्धती आहेत.

आमचं दिवाळीत बिनसलं. मोती गाडीत असताना शेजारी सुतळी बॉम्ब फुटला. आम्ही पाचव्या पायरीवरून थेट पहिलीवर आलो. घरात सगळे वैतागले. मला मात्र पीटर आणि ती टॅक्सी आठवली. दुसऱ्यांदा त्याच पायऱ्या मोती लवकर चढला.

एक गैरसमज इथेच दूर करते. “घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळू नका, लाडावेल” असं लोक सांगतात. भीती काही तो लाडासाठी ठरवून आणत नाही. जवळ बसा, हळू बोला. धीर दिल्याने भीती वाढत नाही. ओढल्याने आणि ओरडल्याने वाढते.

प्रवासाच्या दिवशी

- निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको. पाणी द्या.
- छातीपट्टा घालून तो सीटबेल्टला अडकवा. गळ्यातल्या पट्ट्याला बांधू नका, ब्रेक लागला तर मानेला हिसका बसतो.
- खिडकी थोडी खाली ठेवा, पण डोकं बाहेर काढू देऊ नका. डोळ्यांत धूळ, खडे जातात.
- गाडीतली सुगंधी डबी काढून टाका. त्याचं नाक आपल्यापेक्षा फार तिखट.
- वळणांवर गाडी सावकाश घ्या. लांबच्या प्रवासात दोन-एक तासांनी थांबून त्याला फिरवा.
- बंद गाडीत त्याला कधीही सोडून जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी चढू शकतं. खिडकीची फट ठेवून फारसा फरक पडत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत तर धोका आणखी वाढतो.

आणि शिकवणं पूर्ण होण्याआधीच तातडी आली तर? न्यावंच लागेल. पण आधी डॉक्टरांना फोन करा. ते घरी येऊ शकतात का, प्रवासाआधी काही औषध देता येईल का, विचारा. जीव वाचवणं पहिलं. पायऱ्या नंतर पुन्हा चढता येतात.

जानेवारीत मोती आमच्याबरोबर माझ्या माहेरी कुडाळला आला. चौके, धामापूर, नेरूरपार, सगळी वळणं पार करून. धामापूरच्या तलावापाशी थांबलो, पाणी प्यायला, परत स्वतः गाडीत चढला. पुढच्या आठवड्यात रेबीजची वार्षिक लस घेतली, तीही दवाखान्यात जाऊन. मला त्या लसीचाच घोर होता. लहान मुलांच्या गावात राहणाऱ्या कुत्र्याची लस चुकून चालत नाही.

वर्गात काय करता येईल?

परिसर अभ्यासाला जोडून मुलांकडून निरीक्षण वही करून घ्या. घरच्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या चार नोंदी : आजची तारीख, कुठली पायरी, खाऊ खाल्ला का, शेपूट कुठे होती. आमच्या शेजारच्या मुलाने मोतीची अशी वही तीन महिने ठेवली. त्यावरून वर्गात आलेख काढला. दिवाळीला रेघ खाली आली तेव्हा मुलांनी कारण स्वतः सांगितलं.

सोबत सुरक्षेचा नियमही शिकवा. अनोळखी, खात असलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्र्याला हात लावायचा नाही. कुत्रा चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, मोठ्यांना सांगायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. मार बसेल या भीतीने मुलं चावा लपवतात. “सांगितलंस तर कुणी रागावणार नाही” हे पालकांनी आधीच सांगून ठेवा.

आता त्या वाक्याकडे

“तो भियाता” म्हणणारा मुलगा वर्गात वाचताना अडखळायचा. मी त्याला रोज पुढे उभं करायची. “घाबरतोस काय, मोठ्याने वाच!” माझा हेतू चांगला होता, त्याची भीती मोडावी हाच. मोतीला ओढतानाही माझा हेतू चांगलाच होता.

वही तपासताना एक दिवस त्याची नोंद वाचली : “आज मोतीने खाऊ खाल्ला नाही. पायरी मोठी झाली.” मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले. या मुलाला पायरी कळत होती, कारण त्याच्या वाट्याला ती कायम मोठीच आली होती. आणि ती मीच लावत होते.

मग त्याच्यासाठीही पायऱ्या केल्या. आधी मनात वाचन. मग माझ्याशेजारी बसून, मला एकटीला ऐकू येईल असं. मग बाकावरच्या मित्राला. मग पाच जणांच्या गटात. मार्चपर्यंत तो गटात दोन परिच्छेद वाचू लागला. परिपाठाला पुढे येऊन अजून वाचत नाही. येईल तेव्हा येईल.

मोती कुडाळहून आला त्या दिवशी तो फाटकात उभा होता. मोतीने उडी मारली, परत आत चढला, पुन्हा उतरला. पोराने मोठ्याने हाक मारली, “बाई, बघा! तो आपणहून चढलो!” वर्षभरात त्याचा एवढा मोठा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तुमच्या घरी, तुमच्या वर्गात कोण पाय रोवून उभं आहे, ते उद्या बघा. ओढण्याआधी दहा पावलं मागे जा. खाऊ तिथे ठेवा.