संघटनेच्या पत्राशिवाय माल मिळत नाही?

प्रश्न : आमचे कुटुंब अनेक वर्षे जयपूरला स्थायिक आहे. फिल्म कॉलनीत औषधांचा घाऊक व्यवसाय सुरू करण्यासाठी जागा घेतली, परवानाही मिळाला. पण कंपनी स्टॉकिस्ट नेमण्याआधी विक्रेता संघटनेचे 'ना हरकत' पत्र मागते आणि संघटना ते देत नाही. दाद कुठे मागावी?
– एक वाचक, जयपूर

उत्तर : औषधविक्रीसाठी कायद्याने लागतो तो परवाना, आणि तो तुमच्याकडे आहे. संघटनेच्या पत्राची अट कोणत्याही कायद्यात नाही. व्यापाऱ्यांनी संगनमताने नव्या माणसाचा पुरवठा अडवणे हा स्पर्धा कायदा, 2002 च्या कलम 3 चा भंग ठरू शकतो. गोव्यात वार्का इथल्या औषध विक्रेत्याच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने 2012 मध्ये तिथल्या संघटनेला दोषी ठरवून दंड केला. 'ना हरकत'ची सक्ती हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता.

आयोग दिल्लीत आहे. कलम 19 खाली कोणीही त्याच्याकडे माहिती दाखल करू शकतो; मात्र घटनेपासून तीन वर्षांच्या आत. सोबत ठरलेले शुल्क भरावे लागते. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर आयोग महासंचालकांना चौकशीचा आदेश देतो, नाहीतर प्रकरण तिथेच बंद होते. आयोगाच्या आदेशावर 60 दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तुमच्या नुकसानीच्या भरपाईचा अर्जही तिथेच करायचा असतो.

सगळी मदार पुराव्यावर असते. तुमच्याच शहरातील राजस्थान सिलिंडर्स कंपनीचे प्रकरण पाहा. इंडियन ऑइलच्या निविदेत सिलिंडर उत्पादकांचे दर जवळजवळ सारखे आले, म्हणून आयोगाने त्यांना दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तो रद्द केला. खरेदीदार मोजकेच असलेल्या बाजारात दर सारखे येऊ शकतात. तेवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

म्हणून कंपनीकडे स्टॉकिस्ट होण्यासाठी लेखी अर्ज करा आणि नकाराचे कारण ईमेलवर मागा. व्हॉट्सअॅप संदेश, संघटनेची परिपत्रके, पैसे मागितले असतील तर त्याची पावती, सगळे तारखेनिशी जपून ठेवा. ग्राहकहित आणि स्पर्धा धोरणावर काम करणाऱ्या 'कट्स' या संस्थेचे मुख्यालय जयपूरमध्येच आहे. तिथे मार्गदर्शन मागून पाहा. तोंडी नकार ऐकून परत फिरू नका, तो लेखी घ्या.