पिकअपमध्येच राहायचं आणि धंदाही तिच्यातूनच करायचा? आधी हे सहा हिशोब करा



जानेवारीत माझ्या दुकानात एक जोडपं आलं. तो पनवेलला ड्रायव्हर, मूळचा मुरुड तालुक्यातला. ती कोकम आगळ, आमसुलं, नारळाच्या वड्या बनवते. सहा वर्षांची मुलगी आहे. त्यांचा प्लॅन असा होता: पनवेलची खोली सोडायची, सेकंडहँड पिकअप घ्यायची, हौद्यावर बंद केबिन बांधून त्यातच राहायचं आणि मांडव्यापासून हरिहरेश्वरपर्यंत फिरत माल विकायचा. भांडवल कुठून आणणार, असं मी विचारलं. ताईंनी हातातल्या पाटल्यांकडे बघितलं.

मी लगेच "नाही" म्हटलं नाही, कारण हाच उद्योग मी स्वतः केलाय. बीबीए झाल्यावर पॅकिंगचं सामान किनाऱ्यावरच्या हॉटेलांना विकायचो आणि भाडं वाचवायला छोट्या पिकअपच्या हौद्यातच झोपायचो. ऑक्टोबर ते मे, आठ महिने. पहिल्या पावसात कागदी पिशव्यांचे गठ्ठे फुगले आणि आठ महिन्यांत वाचवलेलं भाडं एका रात्रीत गेलं. चूक माझीच होती, कारण मी हिशोबच केला नव्हता. म्हणून त्या दोघांसोबत मी वही उघडली. तीच वही आज तुमच्यासमोर ठेवतोय.

हिशोब पहिला: भाडं खरंच वाचतं का?

उदाहरणादाखल धरा, खोलीचं भाडं महिना ५,००० रुपये. वर्षाचे ६०,०००. आता दुसरी बाजू बघा. केबिन बांधायला दीड लाख लागले आणि ती पाच वर्षं टिकली, तर वर्षाचे ३०,०००. रात्री सुरक्षित जागा, पाणी, संडास-बाथरूम यासाठी कोणाला रात्रीचे १०० रुपये दिले, महिन्याला २५ रात्री धरल्या, तर वर्षाचे पुन्हा ३०,०००. झाले ६०,०००. भाडं वाचलं नाही, त्याचं फक्त नाव बदललं. वजनामुळे वाढलेलं डिझेल अजून धरलेलंच नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका. पण दोन्ही बाजू लिहा.

हिशोब दुसरा: वजन

२००५ साली पहिली टाटा एस आली तेव्हा तिची माल वाहायची क्षमता पाऊण टन होती, म्हणजे ७५० किलो. तुमच्या गाडीचा आकडा आरसीवरून काढा. आता ७५० मधून वजा करत जाऊ. केबिनचा सांगाडा, प्लायवूड, पत्रा: ३०० किलो. पाणी १०० लिटर: १०० किलो, कारण एक लिटर म्हणजे एक किलो. बॅटरी-इन्व्हर्टर: ५०. पलंग, कपाट: ६०. गॅस, भांडी: २५. कपडे, अंथरूण: ३०. झाले ५६५, उरले १८५. शेजारी बसलेल्या माणसाचे ६५ काढा. राहिले १२० किलो.

त्यात मुलगी, तिचं दप्तर आणि विकायचा माल! ताई म्हणाल्या, "सर, आगळाच्या बाटल्याच शंभर किलोच्या होतील." इथेच मुद्दा कळला. छोट्या गाडीत घर आणि गोडाऊन एकाच जागेसाठी भांडतात, आणि कमाई तर गोडाऊनमधून येते. मोठी पिकअप घेतली तर वजन सुटतं, पण हप्ता वाढतो.

हिशोब तिसरा: पाणी आणि वीज

खूप काटकसर केली तरी आंघोळ, स्वयंपाक, भांडी धरून माणशी २० लिटर लागतात. दोन माणसांना १०० लिटर अडीच दिवस पुरतं. म्हणजे तुमचा मार्ग गिऱ्हाईक ठरवत नाही, नळ ठरवतो.

वीज बघा. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. २५ वॅटचा डीसी पंखा दहा तास: २५०. दिवे: ५०. मोबाईल चार्जिंग: १००. छोटा फ्रिज ४०० धरला तर झाले ८००. एवढ्यात भागतं. पण एसी लावायचा म्हटलं तर तासाभरात खेळ खलास. छतावर २०० वॅटचं सोलर पॅनल असेल तर चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ८०० वॅट-तास मिळतात. जुलैत तेवढे धरू नका.

आणि बंद केबिनमध्ये गॅस पेटवून झोपणं म्हणजे जिवाशी खेळ. स्वयंपाक दार उघडं ठेवून किंवा बाहेर. विक्रीसाठी शिजवणार असाल तर घरगुती सिलिंडर चालत नाही, व्यावसायिक घ्यावा लागतो.

हिशोब चौथा: कागद

इथे बहुतेक जण मार खातात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरचा तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. कॅम्परसारख्या गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्यामुळे गल्लीतल्या गॅरेजवाल्याचं "करून देतो साहेब, कोण बघतंय" ऐकून पैसे देऊ नका. आधी पेणच्या आरटीओत जा, काय चालेल ते विचारा आणि लेखी घ्या. न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर विम्याचा क्लेम अडकू शकतो. मालवाहू गाडी चालू असताना मागे हौद्यात माणूस बसवणं तर मुळीच नाही, स्वतःचं मूल असलं तरी.

दुसरा कागद म्हणजे पत्ता. उद्यम नोंदणी, जीएसटी, बँकेची केवायसी, खाण्याच्या मालासाठी एफएसएसएआय, सगळीकडे पत्ता लागतो. "एमएच ०६ अमुक" हा पत्ता होत नाही. गावचं घर, माहेर, सासर, काहीतरी कायम हवं. मुलीच्या शाळेलाही तोच लागणार.

हिशोब पाचवा: जागा आणि पावसाळा

आपला मार्ग सुंदर आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट येणारी रो-रो मार्च २०२० पासून आहे. पुढे अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरुड. आगरदांड्याहून दिघीला जंगलजेट्टीने उतरलं की दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पण रात्री गाडी लावणार कुठे? पुळणीवर गाडी नेणं म्हणजे रुतणं, दंड आणि भरती, तिन्ही एकदम. खारं वारं पत्रा खातं, ते वेगळंच.

आणि जून. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ ज्यांनी श्रीवर्धन-मुरुडकडे बघितलंय, त्यांना सांगायला नको. वाद्या आडव्या झाल्या, घरांची छपरं उडाली. तिथे पत्र्याच्या केबिनचं काय! वादळ सोडा, साध्या पावसाळ्यात पर्यटक कमी, माल दमट, कपडे वाळत नाहीत. म्हणून कमाई आठ महिन्यांची धरा आणि खर्च बारा महिन्यांचा.

हिशोब सहावा: माणूस

मी त्यांना सांगितलं, पाटल्या मोडायच्या आधी चार रात्री राहून बघा. मित्राची पिकअप घ्या, ताडपत्री लावा, नातेवाइकांच्या वाडीत उभी करा, पण घरात पाऊल टाकायचं नाही. मार्चमध्ये ते राहिले. तिसऱ्या रात्री मुलीला ताप आला. परत आल्यावर ताई म्हणाल्या, "सर, दिवसा दुकान आणि रात्री घर एकच. एक माणूस आजारी पडला की दोन्ही बंद." माझ्या बीबीएच्या कुठल्याच पुस्तकात धोका इतका सोपा करून सांगितला नव्हता.

मग त्यांनी काय केलं?

पाटल्या हातातच आहेत. ताई मुलीला घेऊन माहेरी राहतात, माल तिथेच बनतो. शुक्रवार ते रविवार भाड्याच्या पिकअपमधून विक्री, एखादी रात्र गाडीत काढावी लागली तर काढतात. तो अजून ड्रायव्हरची नोकरी पूर्ण सोडू शकलेला नाही, हेही खरं सांगतो. पण डोक्यावर कर्ज नाही.

आणि वहीच्या शेवटच्या पानावर एक वेगळाच धंदा निघाला. आपल्याला जे मिळत नव्हतं, तेच विकायचं! पाणी, चार्जिंग, स्वच्छ संडास-बाथरूम, रात्रीचं जेवण आणि गाडी लावायला सपाट, कोरडी जागा. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात कॅराव्हॅन आणि कॅराव्हॅन पार्क, दोन्हींची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करता येते. ज्यांची नागाव, दिवेआगर, श्रीवर्धनकडे सुपारी-नारळाची वाडी आहे, त्यांनी याचा विचार करा. सुरुवात दोन गाड्यांच्या जागेने करा. किनाऱ्याजवळ बांधकाम करायच्या आधी सीआरझेडचे नियम ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात विचारून घ्या.

कोणी एकटा असेल, कामापुरता मोबाईल-लॅपटॉप पुरत असेल, गावी घर असेल, तर आठ महिने गाडीत राहणं जमू शकतं. मला ते दिवस आवडायचे, खोटं कशाला बोलू! रेवदंड्याच्या खाडीवर सकाळी चहा ठेवायचो, तसा चहा परत नाही प्यायलो. पण आवड वेगळी आणि धंदा वेगळा. आवडीला भांडवल लावताना ते कोणाच्या हातातून काढतोय, हे बघा.

या आठवड्याचा गृहपाठ: वहीचं एक पान घ्या. डावीकडे "वाचणारा खर्च", उजवीकडे "नव्याने येणारा खर्च". खाली वजनाची वजाबाकी. मग चार रात्रींची तारीख ठरवा. पाचव्या सकाळी घरातल्या सगळ्यांना विचारा, पुढे जायचं का? उत्तर "हो" आलं, तरच गाडी बघायला जा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. हिशोब चोख ठेवा!