अ‍ॅप आपले, पण खाते कोणाच्या नावे?



रुग्णांच्या वेळा ठरविणे, पुनर्भेटीची आठवण देणे, सिद्धौषधांची मागणी नोंदविणे यांसाठी आपल्यापैकी अनेकांनी स्वतःचे मोबाइल अ‍ॅप करून घेतले आहे. ते बनविणारा डेव्हलपर बहुधा बाहेरचा असतो व त्यात गैर काही नाही. लोन लायसन्सवर औषध दुसऱ्याच्या कारखान्यात बनते, तरी परवाना आपल्याच नावाचा असतो. अ‍ॅपच्या बाबतीत मात्र हा साधा विवेक सुटतो. आपण रंग व चित्रे पाहतो. खाते कोणाच्या नावे उघडले हे विचारीत नाही.

आमच्या परिचयातील एका फार्मसीचे अ‍ॅप डेव्हलपरने स्वतःच्याच गूगल प्ले खात्यावर ठेवले होते. पुढे त्याने व्यवसाय बंद केला आणि संपर्कही तुटला. प्रत्येक अ‍ॅपला एक पॅकेज-नाव असते. प्रसिद्धीनंतर ते बदलता येत नाही व दुसऱ्या खात्यावर तेच नाव वापरता येत नाही. खातेदार राजी असेल तर अ‍ॅप ग्राहक व अभिप्रायांसह आपल्या खात्यावर हस्तांतरित होते. येथे खातेदारच सापडेना. नवे अ‍ॅप नव्या नावाने काढावे लागले. जुने मात्र रुग्णांच्या फोनमध्ये तसेच राहिले, आणि त्यात नोंदविलेल्या औषधांच्या मागण्या कोणाच्याही दृष्टीस पडत नव्हत्या.

म्हणून खाते आपणच उघडावे. गूगलचे शुल्क एकदाच २५ डॉलर, अ‍ॅपलचे दरवर्षी ९९ डॉलर आहे. वैद्यकीय अ‍ॅपसाठी गूगल संस्था-खाते मागते, आणि संस्था म्हणून नोंदणी करण्यास दोन्हीकडे डी-यू-एन-एस क्रमांक लागतो. तो येईपर्यंत थांबण्याचा कंटाळा येतो व 'तूर्त माझ्या खात्यावर टाकतो' हे डेव्हलपरचे म्हणणे मान्य केले जाते. तेथेच पुढील अनर्थाचे मूळ असते. नोंदणीचा ई-मेल संस्थेचा असावा. चिरंजीवांच्या मित्राचा नव्हे.

डेव्हलपरला पासवर्ड कधीही देऊ नये; त्याच्या स्वतःच्या ई-मेलवर निमंत्रण पाठवावे. गूगल प्लेमध्ये चाचणी-आवृत्ती चढविणे, अंतिम आवृत्ती प्रसिद्ध करणे, अ‍ॅपच्या पानावरील मजकूर बदलणे, आर्थिक माहिती पाहणे हे अधिकार निरनिराळे देता येतात. ते एकाच अ‍ॅपपुरते मर्यादित करता येतात व त्यांना अंतिम तारीखही घालता येते. आमच्या मते चाचणी-आवृत्ती डेव्हलपरने चढवावी, प्रसिद्धीचे बटण आपण दाबावे. अ‍ॅपलकडील 'डेव्हलपर' ही भूमिका नेमकी अशीच आहे: आवृत्ती चढविता येते, परीक्षणासाठी सादर करता येत नाही. सर्वाधिकारी अ‍ॅडमिन तर बाहेरच्या कोणालाही करू नये, कारण तो इतरांना आत घेऊ शकतो आणि आपल्या माणसांना बाहेर काढू शकतो.

मजकुराचा अधिकार क्षुल्लक वाटतो, पण आपल्या व्यवसायात तो तसा नाही. उत्साही डेव्हलपरने अ‍ॅपच्या वर्णनात 'मधुमेह समूळ बरा' असे लिहिले, तर १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याचा प्रश्न आपल्यापुढे उभा राहील. हा मजकूर वैद्यानेच लिहावा.

ऑगस्ट २०२१ पासून प्लेवर येणाऱ्या नव्या अ‍ॅपची मुख्य स्वाक्षरी-किल्ली गूगलकडे असते. डेव्हलपरकडील अपलोड-किल्ली हरवली तर खातेदाराला ती बदलून मागता येते. त्याआधीच्या अ‍ॅपची मुख्य किल्ली मात्र कदाचित डेव्हलपरच्या संगणकातच असेल. ती आजच मागून घ्यावी.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो सर्व्हर. रुग्णांच्या नोंदी प्ले खात्यात नसतात. त्या फायरबेस किंवा तत्सम ठिकाणी असतात, व तेथील अधिकार स्वतंत्र असतात. प्लेमधून नाव वगळले तरी ते दार उघडेच राहते. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले प्रश्नपरीक्षण, औषधयोजना, दूरध्वनी क्रमांक हे सारे तेथे असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, काम दुसऱ्याकडून करवून घेतले तरी उत्तरदायित्व आपलेच आहे. अ‍ॅपच्या चाचणीसाठी डेव्हलपरला काल्पनिक रुग्णनोंदी द्याव्यात, खऱ्या नव्हेत.

करार संपेल त्या दिवशी प्ले, अ‍ॅपल व सर्व्हर या तिन्ही ठिकाणांहून त्याचे नाव काढावे आणि सर्व्हरच्या किल्ल्या बदलून घ्याव्यात. किल्ल्या बदलताना अ‍ॅप काही काळ बंद पडू शकते, यास्तव हे काम चिकित्सालयाच्या सुट्टीच्या दिवशी योजावे.