काल चालत होतं, आज का नाही?

प्रश्न : आमच्या कार्यालयाचा उबुंटू सर्व्हर आम्ही तिघे सांभाळतो. कॉन्फिग फाइल कोणी, कधी बदलली हेच कळत नाही. उपाय सांगा.

उत्तर : तुमच्या /ईटीसी फोल्डरमध्ये ‘बॅकअप’, ‘जुनी’, ‘जुनी२’ अशा नावांच्या प्रती नक्की साचल्या असतील. त्यातली चालू असलेली शेवटची कोणती, हे रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडल्यावर कुणालाच सांगता येत नाही. मी हे भोगलं आहे.

जोई हेस यांनी लिहिलेलं ‘ईटीसीकीपर’ बसवा. ते संपूर्ण /ईटीसी गिटमध्ये ठेवतं. ॲप्टने पॅकेज टाकण्याआधी आणि नंतर ते आपणहून नोंद करतं. शिवाय रोज एकदा. नुसतं गिट इथे पुरत नाही, कारण फाइलचा मालक कोण आणि वाचायची परवानगी कोणाला, हे गिट लक्षात ठेवत नाही. ईटीसीकीपर ती माहिती वेगळ्या फाइलीत जपतं. म्हणून जुनी फाइल परत आणलीत की ‘ईटीसीकीपर इनिट’ चालवायला विसरू नका.

हाताने बदल केलात की लगेच कमिट करा आणि कारण लिहा. ‘बदल केला’ एवढं पुरेसं नाही. ‘अपलोड अडकत होते म्हणून एनजिनएक्सची मर्यादा २० एमबी केली’ असं लिहा. तिघेही रूट म्हणून लॉगिन करत असाल तर ते थांबवा, सुडो वापरा. तरच नोंदीत नाव उमटेल.

आणि /ईटीसीचा हा गिट साठा कुठल्याही सार्वजनिक जागी चढवू नका. त्यात शॅडो फाइल आहे, म्हणजे सगळ्यांच्या पासवर्डचे हॅश आहेत.