अंकांची पाटी आणि बारकोडची बंदूक

कापडाच्या दुकानात संगणकावर अक्षरांपेक्षा आकडेच जास्त चढतात. म्हणून नव्या मुलाला आम्ही आधी की-बोर्डाच्या उजवीकडची अंकांची पाटी शिकवतो. तिच्या ५ वर छोटा उंचवटा असतो. मधले बोट तिथे टेकले की न पाहता हिशेब चढतो. मेख एकच. फोनवर नंबर लावताना १-२-३ वरच्या ओळीत असतात, या पाटीवर ७-८-९. फोनचा सराव झालेला हात १४७ रुपयांचे ७४१ करतो आणि भांडण गिऱ्हाइकाशी होते!

तयार कपड्यांना बारकोडची बंदूक बरी. ती आकडे की-बोर्डाप्रमाणेच टाइप करते, त्यामुळे कर्सर दराच्या रकान्यात राहिला तर कोड तिथेच जाऊन बसतो. बंदूक बिघडली असे वाटले तर दुरुस्तीवाल्याला पैसे देण्याआधी नोटपॅड उघडून एक कोड वाचून पाहावा. आकडे बरोबर उमटले तर दोष बिलाच्या प्रोग्रॅममध्ये शोधावा.

थानातून फाडलेल्या कापडाचे मीटर मात्र बंदूक सांगत नाही. सव्वादोन मीटरचे २.२५ हातानेच टाकायचे, आणि टिंब राहिले की झाले २२५. टाकताना आकडा मोठ्याने म्हणावा, गिऱ्हाईकही ऐकते.